काचेवर चमचा

आमच्या बाटल्यांच्या कारखान्यात एक अलिखित कायदा होता: बोलताना तोंडावर हात धरायचा नाही. खोकला आला तर मान वळवा, जांभई आली तर खुशाल आ वासा, पण हात नको. कारण त्या हॉलमध्ये कानांचा काही उपयोगच नव्हता. हजारो रिकाम्या बाटल्या पट्ट्यावरून एकमेकींना आपटत पुढे सरकायच्या, आणि तो आवाज असा, की शेजारणीच्या कानाशी जाऊन ओरडलं तरी तिला फक्त तुमचा श्वास लागायचा. म्हणून आम्ही सगळ्या ओठ वाचायचो. उरलेलं हातांनी. मूठ आवळली की बाटली अडकली, नाकाला बोट लावलं की साहेब आला, दोन बोटं कानाला टेकवली की जेवणाची सुट्टी. अशा ठिकाणी एखादी तोंडावर हात धरून बोलली तर त्याचा अर्थ एकच: ती तुमच्याबद्दल बोलतेय आणि ते तुम्हाला कळू नये अशी तिची इच्छा आहे. त्यापेक्षा तोंडावर शिवी दिलेली परवडली.

धाकटीला हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. मी त्या लाइनीची मुकादम, आणि तिला तिथे चिकटवली तीही मीच. ओठ वाचायला शिकवलं मीच. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात मी आवाज न काढता बोलायचे आणि ती चपात्या लाटता लाटता ओळखायची. सासूबाईंबद्दल सासूबाईंच्याच समोर काहीही बोलता येतं, हा त्यातला मोठा फायदा. धाकटी महिनाभरात माझ्यापेक्षा तरबेज झाली.

जावा-जावा म्हटलं की लोकांना हेवा-दावाच आठवतो. आमचं तसं नव्हतं, आणि त्याचं श्रेय आमच्या चांगुलपणाला नाही. आम्हाला भांडायला वेळच नव्हता. पहाटे उठायचं, दोघींच्या नवऱ्यापोरांचे डबे करायचे, कंबरेचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं उरकायचं, आणि सातला हॉलमध्ये. संध्याकाळी परत तेच, उलट्या क्रमानं. आमच्या घरातले दोन्ही भाऊ, म्हणजे तिचा नवरा आणि माझा, जेवायला आलेल्या पाहुण्यांसारखे वागायचे. ताट कुठून येतं आणि आईचं भांडं कोण रिकामं करतं, हे कोडं दोघांनाही जन्मात कधी पडलं नाही.

त्या सगळ्यात आमच्या दोघींच्या मालकीची अशी दहा मिनिटं होती. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. वीस मिनिटांत डबा संपवून आम्ही मागच्या पुठ्ठ्याच्या गोदामात जायचो. तिथे पुठ्ठ्याच्या थप्प्या छतापर्यंत, त्यामुळे हॉलचा आवाज नुसता गुरगुरल्यासारखा यायचा. दोन उलट्या ठेवलेल्या क्रेट, एक फोन, एक इयरफोन. उजवं टोक माझं, डावं तिचं. माझी क्रेट दाराकडची, कारण कुणी आलं तर मुकादम आधी दिसली पाहिजे. जागा ठरलेल्या होत्या आणि कधी बदलल्या नाहीत. एक गाणं तिच्या आवडीचं, एक माझ्या. गाणं चालू असताना बोलायचं नाही. तिथे गेलं की धाकटी वेगळीच व्हायची. घरात सगळ्यांदेखत ती मला "जाऊबाई, तुम्ही" म्हणायची, गोदामात पुठ्ठ्यावर पाय पसरून, "ताई, सरक ना तिकडे."

तिची आवड आणि माझी आवड एका बाईवर येऊन मिळाली. एक जुनी गायिका, आवाज असा की रात्रभर रडून सकाळी पाणी मागतेय. आम्ही तिचं नाव ठेवलं होतं घोगरी. घोगरीचं एक गाणं होतं, त्यात मधेच सगळं थांबायचं. वाद्यं थांबायची, ती थांबायची, चार मात्रा नुसती शांतता, आणि मग ती अगदी हळू परत सुरू करायची. मी मांडीवर अंगठ्यानं ठेका धरायचे. ती शांतता आली की अंगठा वर उचलून धरायचे, आणि धाकटीही तिचा उचलायची. चार मात्रांनंतर दोघींचे अंगठे एकदम खाली. एवढंच. पण त्या चार मात्रांत मला ना सासूबाई आठवायच्या, ना टार्गेट, ना फुटक्या बाटल्या. देवळात जाऊनही मला कधी इतकं बरं वाटलं नाही.

कामाला लागल्यावर पहिल्याच वर्षी एकदा ती म्हणाली, "ताई, ह्या शांततेच्या आधी मागे कुणीतरी काचेवर चमचा मारतंय, ऐकलंस? टिंग, टिंग-टिंग."

"कुणी नाही मारत."

"अगं मारतंय. बारीक आहे. नीट ऐक."

मी नीट ऐकलं. नव्हतं काहीच. "आठ तास बाटल्या ऐकतेस," मी म्हटलं, "काच डोक्यात गेलीय तुझ्या. उद्या नवऱ्याच्या घोरण्यात पण टिंग-टिंग ऐकू येईल."

ती हसली, पण मागे हटली नाही. तिला तिच्या कानाचा अभिमान होता, आणि रास्त होता. तडा गेलेली बाटली शेजारच्या बाटलीला लागली की 'टिंग' होत नाही, 'टक' होतं. तेवढ्या गदारोळात तो 'टक' आमच्या हॉलमध्ये फक्त धाकटीला कळायचा. डोळे दुसरीकडे असले तरी हात बरोबर त्या बाटलीवर पडायचा. मी तिला तपासणीच्या टेबलावर बसवलं ते म्हणूनच. आणि कानात घालायचे बोळे काढून ठेवायला सांगितलं तेही म्हणूनच. बोळे घातले की 'टक' कळत नाही. साहेब फेरीला आला की घालायचे, गेला की काढायचे. माझ्या लाइनीतून फुटकी बाटली पुढे जात नाही, अशी माझी ख्याती होती. ती ख्याती धाकटीच्या कानांवर उभी होती, हे मी कुणाला सांगितलं नाही.

वर्षातून एकदा कानाची गाडी यायची. अंगणात उभी राहायची. आत कपाटाएवढी एक खोली, तिला एक काचेची खिडकी. बाईनं आत बसायचं, मोठे हेडफोन लावायचे आणि बारीक शिट्टी ऐकू आली की हातातलं बटण दाबायचं. बाहेर तपासणारी मुलगी एका यंत्रापुढे बसायची. शिट्टी सोडली की यंत्रावर हिरवा दिवा लागायचा. मी तिच्या मागे उभी, प्रत्येकीच्या कागदावर सही करायला: तपासणी माझ्यासमोर नीट झाली. खिडकीतून आतल्या बाईला मी दिसायचे. दिवा लागला की मी डोळा मिचकावायचे, ती बटण दाबायची.

ही युक्ती माझी नाही. माझ्या आधीच्या मुकादमाची, तिच्या आधीचीचीही असेल. ज्यांचे कान नापास होतील त्यांना हॉलमधून काढून बाहेर कुठेतरी टाकायचे, आणि मग मला नवीन बाई शिकवत बसावं लागणार. शिवाय चाळीस बायकांची खरी तपासणी करायची तर लाइन दिवसभर बंद. डोळा मिचकावला की दीड तासात सगळ्या मोकळ्या, सगळ्यांचे कान तान्ह्या बाळासारखे. कुणाचं काय बिघडतं?

पहिल्या वर्षी धाकटीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आत बसून डोळे घट्ट मिटून घेतले आणि प्रत्येक शिट्टीला बरोबर बटण दाबलं. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "मला नको तुझा डोळा, मला ऐकू येतं." दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी तिचे डोळे उघडे होते आणि ते माझ्या चेहऱ्यावरून हलले नाहीत. मला वाटलं, शहाणी झाली, वेळ वाचवतेय. चौथ्या वर्षीही तसंच, पाचव्याही.

आता मागे वळून बघितलं की सगळं दिसतं. फोन वाजला की तो ती नवऱ्याकडे द्यायला लागली होती. सासूबाई आतून हाका मारायच्या, ती जागची हलायची नाही. "बहिरी झालीस का गं?" सासूबाई ओरडायच्या, आणि मीसुद्धा मनात म्हणायचे, ऐकून न ऐकल्यासारखं करायला बरी शिकली. भांड्याची वेळ आली की हिला हाक ऐकू येत नाही! एकदोनदा माझ्या लाइनीतून फुटक्या बाटल्या पुढे गेल्या, तेव्हा मी तिला सगळ्यांसमोर झापलं. त्यानंतर ती बाटल्या बोटांनी चाचपून बघायला लागली, आणि तिच्या बोटांना चिरा पडल्या.

आणि गोदामात एकदा तिनं विचारलं, "ताई, ते चमच्याचं अजून वाजतं का गं?"

"कधीच वाजत नव्हतं," मी म्हटलं. "तुझ्या डोक्यातली काच उतरली एकदाची."

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "खरंच कधीच नव्हतं?"

"देवाशप्पथ."

तिचा चेहरा उजळला. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. हे मला ऐकू येईनासं झालंय की गाण्यात ते नव्हतंच, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. माझ्या उत्तरानं तिचे कान ठणठणीत ठरले. शपथ खोटी नव्हती. मला खरंच ते कधी ऐकू आलं नव्हतं.

मग घोगरी आमच्या गावात आली. शेवटचा दौरा, रविवारी दुपारचा कार्यक्रम. धाकटीनंच कुठूनतरी दोन तिकिटं मिळवली. दोन्ही भावांना सांगितलं, आज आईंना तुम्ही बघा. ते असे बघत राहिले जणू आम्ही घर सोडून चाललोय. वाटेत धाकटी म्हणाली, "पैज लाव. स्टेजवर काच वाजवणारा माणूस असेल."

"नसेल."

"हरलीस तर आईंचं भांडं महिनाभर तू. मी हरले तर मी."

"तुझं तू लिहून ठेव," मी म्हटलं. "महिनाभर मी आरामात झोपणार."

सभागृह मोठं, आम्ही मागच्या बाजूला. दिवे गेले आणि घोगरी आली. म्हातारी झाली होती. पडदा नाही, रंगरंगोटी नाही, मागे पाच माणसं. मी पाचही मोजली: पेटी, दोन तंतुवाद्यं, एक ढोल, एक बासरी. काचवाला कुणी नव्हता. मी धाकटीला कोपरानं ढोसलं आणि नाही अशी मान हलवली. तिनंही पाहिलं होतं. मला वाटलं तिचं तोंड पडेल, पण ती उलट सुटल्यासारखी हसली.

मी किती वर्षांनी रडले त्या दोन तासांत! कुणासाठी नाही, कशासाठी नाही. कुणी हाक मारणार नव्हतं, एवढ्यानंच रडू आलं. शेजारी धाकटी पुढे झुकून स्टेजकडे टक लावून बसली होती. अंधारात तिला माझी मांडी दिसत नव्हती, माझा अंगठा दिसत नव्हता. मला हे तेव्हा सुचण्याचं कारणच नव्हतं.

शेवटी आमचं गाणं आलं. ती शांतता आली. वाद्यं थांबली, घोगरीनं हात खाली सोडला, डोळे मिटले. हजार माणसं, आणि टाचणी पडली तरी ऐकू आली असती. एक मात्रा. दोन. आणि धाकटी उठून उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली. जोरात, हात वर करून, एकटी.

सगळ्या माना वळल्या. घोगरीनं डोळे उघडले, हसली आणि माइकमध्ये म्हणाली, "बाईंना घरी जायची घाई दिसतेय." सभागृह खदखदून हसलं. सगळे हसताना बघून धाकटीही हसली आणि आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. मग लोक आणखी हसले.

मी तिचा दंड चिमटीत धरून तिला खाली ओढलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली होती. एवढ्या वर्षांत एकदा घराबाहेर पडले, एकदा मनासारखं काही मिळालं, आणि हिनं त्यात माती कालवली. गाणं पुढे काय झालं मला आठवत नाही. बाहेर व्हरांड्यात दिव्याखाली आल्याआल्या मी तोंड सोडलं. "अक्कल आहे का? शांतता कळत नाही? रोज ऐकतेस ते गाणं! चारचौघांत लाज आणलीस!"

ती गोंधळून माझ्या ओठांकडे बघत होती. "काय म्हणाली गं ती माइकवर? लोक का हसले?"

"ऐकलं नाहीस?"

"आवाज होता ना खूप."

आवाज. त्या शांततेत. माझा राग तिथेच गळून पडला. मी आयुष्यात पहिल्यांदा ते केलं. तोंडावर हात धरला आणि तिच्यापासून हातभर अंतरावर, चांगलं मोठ्यानं म्हटलं, "तुझी पर्स उघडी आहे."

पर्स खरंच उघडी होती. ती जागची हलली नाही. तिचे डोळे माझ्या हातावर खिळले होते आणि हळूहळू भरून येत होते.

"हात काढ, ताई," ती म्हणाली. "असं नको करू."

मी हात काढला. "कधीपासून?"

"माहीत नाही. हळूहळू गेलं. तू समोर असलीस की कळतं सगळं. गोदामात तुझ्या अंगठ्याकडे बघते."

"मग गाणी? रोज तिथे काय ऐकायचीस?"

"थोडं थोडं गुणगुणल्यासारखं येतं. नसतं आलं तरी आले असते," ती म्हणाली. "दिवसात तेवढंच तर शेजारी कुणी बसतं माझ्या."

मी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, पुन्हा कधी तुझ्यासमोर तोंडावर हात धरणार नाही. तिनं मान हलवली. घरी गेल्यावर तिनं पैज पाळली. सासूबाईंचं भांडं महिनाभर तिनं एकटीनं काढलं. मी नको म्हटलं नाही, हेही सांगून टाकते.

कानाच्या डॉक्टरांनी खरी तपासणी केली. कागदावर एक रेघ काढली, डावीकडे वर आणि उजवीकडे घसरत खाली. "आधी बारीक, उंच आवाज जातात," ते म्हणाले. "घंटी, पाखरं, काच. मग बोलणं जातं. तीन वर्षांपूर्वी त्या आवाजातून बाहेर काढलं असतं तर बरंच वाचलं असतं. तुमच्याकडे दरवर्षी तपासत नाहीत का?"

"तपासतात," मी म्हटलं.

त्यांनी लिहून दिलं की हा कारखान्याच्या आवाजाचा परिणाम असावा. नियम असा होता की तसं ठरलं तर कारखान्यानं कानाचं यंत्र द्यायचं आणि शांत खात्यात कायमची जागा द्यायची. नाही ठरलं तर, कामाला अयोग्य म्हणून घरी. कारखान्यानं पाच वर्षांचे कागद काढले. पाचही स्वच्छ. मग चौकशी लागली, आणि धाकटीबरोबर मलाही बोलावलं, मुकादम म्हणून, आणि पाचही कागदांवर माझी सही म्हणून.

आदल्या संध्याकाळी चपात्या लाटताना धाकटीनं आवाज न काढता विचारलं, "सांगशील ना, तू डोळा मारायचीस ते? मी सांगितलं तर कोण मानणार."

मीही आवाज न काढता म्हटलं, "सांगेन. शब्द दिला."

ऑफिसची खोली गार होती आणि कमालीची शांत. टेबलापलीकडे अधिकारी बाई, तिच्या बाजूला कारखान्याचा डॉक्टर. अलीकडे मी, आणि माझ्या डाव्या हाताला, थोडी तिरपी, धाकटी. तिनं खुर्ची मुद्दाम तिरपी केली होती, मी दिसावी म्हणून.

अधिकारी बाई गोड बोलणारी होती. "आम्हाला समजलंय की ह्या रोज सुट्टीत कानात इयरफोन घालून गाणी ऐकायच्या. खरं आहे का?"

"हो," मी म्हटलं. "दहाच मिनिटं."

"मोठ्या आवाजात?"

"तिला थोडा मोठा लागायचा."

तिनं ते लिहून घेतलं. डॉक्टरनं मान डोलावली. "गाण्यांनी कान जातातच हल्ली," तो म्हणाला. मला ओरडावंसं वाटलं, की बाबा, आठ तास बाटल्या आणि दहा मिनिटं गाणं, आणि कान खाल्ले ते गाण्यानं? आमच्या अख्ख्या दिवसात जे एकच चांगलं होतं, त्याच्यावर तू खापर फोडतोस? पण मी ओरडले नाही. कारण ती बाई पुढचा प्रश्न विचारत होती.

"पाचही तपासण्या तुमच्यासमोर झाल्या. नीट झाल्या ना? विचारते कारण त्या नीट झाल्या नसतील, तर चाळीस जणींचे पाच वर्षांचे कागद खोटे ठरतात. आणि सही तुमची आहे. मग आम्हाला आधी तुमचा विचार करावा लागेल."

मी नंतर लोकांना सांगितलं, आणि स्वतःलाही, की मी घराचा विचार केला. माझं काम गेलं आणि तिलाही जागा मिळाली नाही तर सासूबाईंची औषधं, पोरांच्या शाळा, सगळंच बसलं असतं. हे सगळं खरं आहे. पण त्या क्षणी मला घर आठवलं नाही. मला माझं मुकादमाचं टेबल आठवलं, माझी ख्याती, आणि मी आले की चाळीस बायका सरळ उभ्या राहतात ते.

धाकटी माझ्या ओठांकडे बघत होती. मला त्या बघण्याखाली बोलता येईना. मी पदराआड लपावं तसा खिशातला रुमाल काढला, खोकल्यासारखं केलं, आणि रुमाल तोंडावर धरूनच म्हटलं, "हो. नीट झाल्या."

अधिकारी बाईनं लिहून घेतलं. मी रुमाल खाली घेतला. धाकटीनं मला काय बोललीस असं विचारलं नाही. तिला ओठ वाचायची गरजच पडली नव्हती. तिनं खुर्ची सरळ केली आणि टेबलाकडे बघत बसली.

दहा दिवसांत ती घरी बसली. आता सासूबाईंकडे दिवसभर तीच असते. सासूबाई हाक मारत नाहीत, पलंगावरून काठी जमिनीवर आपटतात, ती तिला पायाखाली कळते. माझ्याशी ती भांडली नाही, अबोला धरला नाही. डबा भरून देते. फक्त आता घरात, दारात, एकांतात, सगळीकडे "जाऊबाई, तुम्ही". तिचं काम सुटल्यानंतरच्या पहिल्या सकाळी माझ्या डब्यावर इयरफोन ठेवलेला होता, नीट गुंडाळून, वर रबर लावून.

बरेच दिवस मी गोदामात गेले नाही. मग एका दुपारी फार जीव गुदमरला म्हणून गेले. माझ्याच क्रेटवर बसले. सवयीनं उजवं टोक उजव्या कानात घातलं. डावं नुसतंच लोंबत होतं, ते दिसत होतं, आणि ते दिसू नये म्हणून मी तेही कानात घातलं. इतक्या वर्षांत दोन्ही टोकं मी कधीच लावली नव्हती.

घोगरीचं गाणं लावलं. गाणं भरून आलं, डावीकडून अशी वाद्यं येत होती जी मला माहीतच नव्हती. आणि शांततेच्या जरा आधी, डाव्या कानात, फक्त डाव्या कानात, अगदी बारीक: टिंग. टिंग-टिंग.

मी गाणं मागे नेलं. डावं टोक काढून ऐकलं: नव्हतं. परत घातलं: होतं. काचेवर चमचा. तिनं सांगितलं होतं तसंच, तितक्याच वेळा. जागा बदलून बसावं, असं एकदासुद्धा माझ्या मनात आलं नव्हतं.

संध्याकाळी चपला न काढता मी थेट आत गेले. धाकटी सासूबाईंचं भांडं घेऊन मोरीकडे निघाली होती. मी तिच्यासमोर उभी राहिले, उजेडाकडे तोंड करून, तिला नीट दिसावं म्हणून.

"ते होतं," मी म्हटलं. "काचेचं. तुझ्या बाजूला होतं. मी आज ऐकलं."

ती माझ्या ओठांकडे बघत होती. तिला कळलं. ते मला तिच्या डोळ्यांत दिसलं.

"पैज मी हरले होते," मी म्हटलं आणि भांड्याला हात घातला. "दे इकडे. आजपासून महिनाभर हे माझं."

तिनं भांडं माझ्या हातातून हळूच सोडवून घेतलं.

"असू द्या, जाऊबाई," ती म्हणाली. "मला सवय झाली." आणि मोरीत जाऊन तिनं नळ सोडला.